क्रीडांगण : नाटेकरांच्या घरातले टेनिस

खेळ म्हटला की आपल्या शारजात क्रिकेट. स्टेडियमच मुळी औद्योगिक क्षेत्र पाचमध्ये, वर्कशॉपांच्या शेजारी. एप्रिल १९९८ मधल्या सचिनच्या दोन शतकांची उजळणी अजून चालते, ती चालू द्या. आज आम्ही एका टेनिसपटूची गोष्ट सांगणार आहोत.

१९९४ सालच्या हिरोशिमा आशियाई खेळांत भारताला सुवर्णपदके मिळाली अवघी चार. त्यातली दोन टेनिसची, एक पुरुष सांघिक आणि एक पुरुष दुहेरीचे. दुहेरीची जोडी कोणती, असे विचारले की लिअँडर पेस हे नाव लगेच येते. दुसरा गौरव नाटेकर. डेव्हिस चषकातही तो भारताकडून खेळला, १९९६ चा अर्जुन पुरस्कारही त्याला मिळाला. तरीही तो विस्मरणात जावा, हे आम्हाला खटकते.

त्याचे वडील सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर. बॅडमिंटनचे नाटेकर, हे जुन्या मंडळींना सांगायला नको. पण त्यांचा पहिला खेळ टेनिस होता! कुमारांच्या राष्ट्रीय स्पर्धेत रामनाथन कृष्णनकडून ते हरले आणि बॅडमिंटनकडे वळले. हाच कृष्णन पुढे १९६० आणि १९६१ साली विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत पोचला, म्हणजे हार काही ऐऱ्यागैऱ्याकडून नव्हती. इकडे नंदूंनी १९५६ साली मलायातील सेलांगोरची स्पर्धा जिंकली. बॅडमिंटनमध्ये परदेशात विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय. १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाले, तेव्हा पहिल्याच यादीत त्यांचे नाव होते. २०२१ साली ते गेले.

बापाने सोडलेला खेळ मुलाने धरला, आणि बापाने आपले बॅडमिंटन त्याच्या गळ्यात बांधले नाही. आमच्या मते या घराची खरी कमाई ही. आपल्याकडे मात्र दहावीचे वर्ष आले की पहिली गदा येते ती रॅकेटवर.

टेनिस खर्चिक आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. क्रमवारीचे गुण मिळवायचे तर गावोगाव, देशोदेशी हिंडावे लागते. विमानाचे तिकीट, हॉटेल, प्रशिक्षक, सगळे बहुधा पदरचे. गौरवही एकेरीच्या जागतिक क्रमवारीत वरच्या फळीत पोचला नाही. निवृत्तीनंतर मात्र तो खेळाच्याच व्यवसायात राहिला. त्याची पत्नी आरती पोनप्पा हीदेखील टेनिसपटू.

आपल्या सभासदांपैकी कोणाची मुले टेनिस शिकत असतील तर अवश्य कळवावे. सरावाला जायला चार घरांनी मिळून एक गाडी ठरवली तर निदान तेवढा खर्च तरी वाटून घेता येईल.