मेव्हण्याचं टेंडर आणि कॉलेजचं जर्नल

सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटची मीटिंग. टेंडर उघडतात आणि एक बिल्डर निघतो सेक्रेटरीचा मेव्हणा. मुलुंड असो वा बोरिवली, सभासद काय म्हणतील? "साहेब, या विषयापुरतं तुम्ही बाहेर बसा." यात सेक्रेटरीला कोणी चोर म्हणत नाही. फक्त निर्णय त्यांच्या हाती नको, एवढंच.

हाच नियम कॉलेजांच्या संशोधन जर्नलना लावायची वेळ आलीय.

फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने 'केअर' यादी बंद केली. कुठलं जर्नल चांगलं, हे आता विद्यापीठं आणि कॉलेजांनीच ठरवायचं. आता समजा, जर्नल कॉलेजचं, मुख्य संपादक प्राचार्य, लेखक त्याच स्टाफरूममधले आणि जर्नल योग्य ठरवणारी समितीही तिथलीच. मग तपासणार कोण?

यादी निर्दोष होती असं माझं म्हणणं नाही. पण ती का करावी लागली ते आठवा. पुण्याचे डॉ. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये पडताळणी छापली. विद्यापीठांनी सुचवलेल्या जर्नल्सपैकी १,००९ तपासली, निकषांवर टिकली फक्त ११२! त्याच वर्षी यूजीसीने ४,३०५ जर्नल्स आपल्या यादीतून काढली.

लपवलेले हितसंबंध किती महागात पडतात, हे 'लॅन्सेट'ने दाखवलं. १९९८ मध्ये एमएमआर लसीवर संशय घेणारा वेकफिल्डचा लेख छापला. वकिलांकडून मिळणारा पैसा लेखात सांगितलेला नव्हता. तो २००४ मध्ये उघड झाला, लेख मागे घेतला २०१० मध्ये. पालकांच्या मनातली भीती मात्र अजून पुरती गेलेली नाही.

उपाय खर्चिक नाहीत. संपादकाचा किंवा त्याच्या विद्यार्थ्याचा लेख आला, तर फाइल दुसऱ्याकडे द्या. परीक्षक बाहेरच्या संस्थेचे घ्या. पैसा कोणाचा, नातं काय, हे लेखाखाली छापा. आणि वर्षाला घरचे किती लेख, बाहेरचे किती, हा आकडा जाहीर करा.

"एवढं कशाला, छोटं तर जर्नल आहे," असं कोणी म्हणेल. पण सहायक प्राध्यापकाच्या मुलाखतीसाठी नावं निवडताना याच लेखांना गुण मिळतात. नेट-सेट होऊन वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवणारा मुलगा घरच्या जर्नलमधल्या दोन लेखांमुळे मागे पडला, तर त्याने दाद कुणाकडे मागायची?

घाटकोपर-अंधेरीतले प्राध्यापक मित्र हे वाचत असतील. तुमच्या जर्नलमध्ये असा लेखी नियम आहे का? असेल तर कमेंटमध्ये टाका, बाकीच्यांना उपयोगी पडेल. नसेल तर पुढच्या बैठकीत विषय काढा.

सेक्रेटरीला बाहेर बसवू शकतो, तर संपादकाला का नाही?