ओल कुणाची, आग कुणाची?

आमच्या माझगावच्या खोलीत पश्चिमेच्या भिंतीला दर पावसाळ्यात ओल येते. आधी रंग फुगतो. मग पोपडे पडतात. मग काळे ठिपके, आणि श्रावणापर्यंत ठिपक्यांची चादर. एका पावसाळ्यात बाबासाहेबांच्या तसबिरीत, काचेच्या आत, बुरशी शिरली. कोटाच्या कॉलरपाशी डाग दिसला तशी आई हबकली. तिनं तसबीर उतरवली, पदरानं पुसली, समोरच्या कोरड्या भिंतीवर खिळा मारून लावली. बरं वाटलं तिला.

तिचं अंथरूण मात्र ओल्या भिंतीलाच राहिलं. दुसरीकडं जागाच नाही. रात्रभर ती खोकते. तसबीर कोरडी, माय ओली.

हे बाबासाहेबांना चाललं असतं का? एवढाच प्रश्न मला तुम्हाला विचारायचाय. बाकीचं सगळं त्याचंच लांबण.

आम्ही तक्रार केली. एका कचेरीतून साहेब पाहणीला आला. उंबऱ्यातूनच बघितलं. आत आला नाही. म्हणाला, "तुम्ही लोक पाणी फार सांडता."

तुम्ही लोक! चप्पल न काढता दोन शब्दांत त्यानं आमचा सगळा इतिहास सांगून टाकला. अरे, ज्या लोकांना २० मार्च १९२७ रोजी महाडच्या तळ्यातलं ओंजळभर पाणी पिण्यासाठी डोकी फोडून घ्यावी लागली, ते लोक पाणी फार सांडतात! जे पाणी आम्हाला शिवू देत नव्हते ते आता न विचारता आमच्या भिंतीतून उतरतं, आणि त्याचाही गुन्हा आमच्याच नावावर.

तेव्हा ही ओल येते कुठून ते आपणच शिकून घेऊ. साहेब सांगणार नाही.

माझगाव हे मुंबईच्या सात बेटांपैकी एक. आजूबाजूची खाडी भरून जमीन केलेली. खाली पाणी, वर वस्ती. वीट म्हणजे कंदिलाची वात. वात जसं रॉकेल वर ओढते तशी वीट जमिनीतलं पाणी वर ओढते. पायात ओल अडवणारा थर नसला की पाणी कंबरेपर्यंत चढतं. पाणी सुकतं, क्षार मागं राहतो, भिंतीला लोणा धरतो. ही झाली खालची ओल. वरची ओल गच्चीतून, तुटक्या पन्हळीतून, वरच्या मजल्याच्या मोरीतून आणि फुटक्या नळातून येते. तिसरी ओल आपल्या श्वासाची. एका खोलीत आठ माणसं, चूल तिथंच, कपडे वाळत तिथंच, खिडकी एक. ती वाफ जाणार कुठं? थंड भिंतीवर बसते. बुरशीला दुसरं काय लागतं? ओलावा आणि दोन दिवस.

तीन ओली, तीन उपाय. साहेबाकडं मात्र तिन्हींना एकच उत्तर, तुम्ही लोक.

आणि आपण काय करतो? दिवाळीआधी चकचकीत ऑइलपेंट मारतो. जुनी चुन्याची भिंत श्वास घेते, ओल बाहेर टाकते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा आणि वर ऑइलपेंट चढवला की आपण तिचं नाक दाबलं. पाणी आत कोंडतं, दुसरीकडून फुटतं. सिमेंट-सळईच्या घरात तर ओल सळईपर्यंत जाते. समुद्राचा खारा वारा साथीला असतोच. लोखंड गंजलं की फुगतं, फुगलं की काँक्रीट फोडतं. छताचा पोपडा पडला तो पोपडा नव्हे गड्यांनो, ती नोटीस आहे. सरकारच्या आधी भिंतीनं बजावलेली.

आता गिरणीतली ओल ऐका. मी कापडगिरणीत काम करतो. आमच्या खात्यात हवेतली ओल रोज मोजतात. सूत कोरडं पडलं तर तुटतं, म्हणून साचेखात्यात हवा मुद्दाम दमट ठेवतात. सत्तर-ऐंशी टक्के. भिंतीवर यंत्र, यंत्राची नोंद वहीत, वहीवर साहेबाची सही. मुंबईच्या जुन्या गिरण्यांच्या मनोऱ्यांवर पाण्याच्या टाक्या होत्या. कापसाला आग लागली की छताच्या नळ्यांतून आपसूक पाणी सुटावं म्हणून. म्हणजे ओल किती असावी आणि आग कशी अडवावी हे ज्ञान या शहरात शंभर वर्षांपूर्वीही होतं. वापरलं कुणासाठी? सुतासाठी. सूत काढणारा ज्या खोलीत झोपायचा तिथं ना यंत्र, ना वही, ना टाकी.

त्यातही आमची जात आणखी खाली. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना साचेखात्यात घेत नव्हते. कारण काय, तर धोट्यात नवी कांडी घातली की सूत तोंडानं ओढून घ्यावं लागे. धोट्याला थुंकी लागे. आमची थुंकी लागलेला धोटा सवर्ण कामगारानं तोंडाला कसा लावायचा? म्हणून आम्ही रिंगखात्यात, कमी पगारावर. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला. वर्गलढ्याच्या गप्पा मारणाऱ्यांना तो तोपर्यंत दिसला नव्हता.

बघा हिशेब. सुताची ओल मोजायची. आमच्या तोंडाची ओल विटाळ मानायची. आमच्या भिंतीची ओल आमचाच गलिच्छपणा ठरवायचा. पाणी एकच. जात बघून नाव बदलतं.

आता आग.

१४ एप्रिल म्हटलं की आपल्याला एकच गोष्ट आठवते. पण १४ एप्रिल १९४४ ला आपल्या या माझगावच्या अंगणात, व्हिक्टोरिया गोदीत, 'फोर्ट स्टिकिन' नावाचं जहाज फुटलं. बाबासाहेब त्या दिवशी ५३ वर्षांचे झाले होते, दिल्लीत व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री होते. जहाजात काय होतं? सुमारे १४०० टन दारूगोळा. त्याच जहाजात कापसाच्या गासड्या. आणि सोन्याच्या विटा. दुपारी धूर दिसला, चारनंतर दोन स्फोट झाले. गोदी, गोदामं, मांडवीपर्यंतची वस्ती पेटली. अग्निशमन दलाचे ६६ जवान मेले. हजारोंची घरं गेली. सोन्याच्या विटा १२४ होत्या, हे बरोबर माहीत आहे. माणसं किती मेली? कुणी आठशे म्हणतं, कुणी तेराशे. सोन्याचा आकडा पक्का, मजुराचा अंदाजे.

कापूस आणि दारूगोळा एका पोटात ठेवायचा नसतो हे ठेवणाऱ्याला माहीत नव्हतं? माहीत होतं. पण गोदीत राबणारा आणि गोदीच्या भिंतीला चिकटून राहणारा माणूस हिशेबातच नव्हता.

आम्हाला आगीची दुसरीही ओळख आहे. २५ डिसेंबर १९६८ ला तमिळनाडूत किळवेणमणीला मजुरी वाढवून मागणाऱ्या दलितांची ४४ माणसं एका झोपडीत जाळली. १९७८ साली नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात आमची घरं पेटवली. ही लावलेली आग. ती आपण ओळखतो, तिच्यावर मोर्चे काढतो, कविता लिहितो. मीही लिहिल्यात. पण दुसरी एक आग असते, ठेवलेली आग. जिन्याखालच्या लाकडी मीटरपेटीत ती ठेवलेली असते. एक दिवा आणि एक पंखा यांच्यासाठी ओढलेल्या वायरवर आज फ्रिज, टीव्ही, इस्त्री, पाण्याची मोटर चालते, तिथं ती बसलेली असते. वायर ओल्या भिंतीतून गेलेली, कातडं कुजलेलं. ओल आणि आग एकमेकींच्या शत्रू आहेत असं पुस्तकात लिहितात. चाळीत त्या सख्ख्या बहिणी आहेत. एक वायर कुजवते, दुसरी पेटवते. लावलेल्या आगीला नाव-गाव असतं. ठेवलेल्या आगीला दुसऱ्या दिवशीच्या पेपरात 'शॉर्टसर्किट' म्हणतात, आणि फाइल बंद.

आता डॉकयार्ड रोडला या. २७ सप्टेंबर २०१३, शुक्रवार, पहाटे सहाच्या सुमाराला बाबू गेनू मंडईची इमारत बसली. ६१ माणसं मेली. इमारत महापालिकेची. राहणारे पालिकेचेच कामगार. तळमजल्यावर भाड्यानं दिलेलं गोदाम, तिथं बेकायदा पोटमाळा आणि भिंतींची तोडफोड केल्याचा आरोप झाला, गुन्हे दाखल झाले, अटका झाल्या. इमारतीचं वय तीसच्या आसपास. लक्षात घ्या, शंभर वर्षांची चाळ नव्हे. तीस वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करा, असं पालिकेच्या कायद्याचं कलम ३५३-ब लोकांना सांगतं. पालिका आपल्या घरात डोकावली असती तर?

आणि नाव कुणाचं त्या इमारतीला? बाबू गेनूचं. हा गिरणीकामगार १२ डिसेंबर १९३० ला परदेशी कापडाच्या ट्रकपुढं आडवा झाला आणि चिरडून मेला. हुतात्म्याचं नाव पाटीवर लावलं, पाटीखालची भिंत कुणी बघितली नाही. दोस्तहो, इथं मला माझ्या आईची तसबीर आठवते.

म्हणून आता थोडं आपल्याबद्दल बोलतो. राग आला तर येऊ द्या.

आपल्या चळवळीत भिंत म्हणजे घोषणा रंगवायची जागा. निळ्या रंगात 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' लिहायचं, आणि जुलैत ती घोषणा पोपड्यासकट खाली पडायची. भिंत का पडली ते आपण शिकलो नाही, त्यासाठी संघटित झालो नाही. ओल, गळती, मीटरपेटी हे बायकांचे नाहीतर भाडेकरू संघाचे प्रश्न, असं मानतो. मागं एका बैठकीत मी हा विषय काढला तर एक शिकलेला कार्यकर्ता हसला. म्हणाला, "कवी, तू क्रांती सोडून प्लंबिंगच्या मागं लागलास." बाबा रे, महाडला कशाचा लढा होता? पाण्याचाच होता ना! पाणी कुणी घ्यायचं, हा तेव्हाचा प्रश्न. पाणी कुणाच्या अंगावर गळायचं, हा आजचा.

नव्या इमारतीत गेलो की सुटलो, असंही समजू नका. गोवंडी-मानखुर्दला लल्लूभाई कंपाऊंड, नटवर पारीख कंपाऊंड बघून या. झोपड्या उठवून लोकांना पक्क्या घरात टाकलं. दोन इमारतींत अंतर तीनेक मीटर. खालच्या मजल्यांना ऊन माहीत नाही, वारा माहीत नाही. तिथं टीबीचा फैलाव आणि इमारतींची रचना यांचा संबंध २०१८ सालच्या अभ्यासानं दाखवला. पक्कं घर म्हणजे कोरडं घर नव्हे. नकाशा काढणाऱ्याच्या डोक्यात आपण अजून 'तुम्ही लोक'च आहोत.

तर काय करायचं? घोषणा नको. वही करा.

ताडवाडी, डॉकयार्ड रोड, रे रोड, दारूखाना, जिथं जिथं आपलं मंडळ आहे तिथं मे महिन्यात चार पोरांनी वही घेऊन खोली-खोली फिरायचं. ओल कुठली आहे, खालची, वरची की श्वासाची, ते लिहायचं. तडा दिसला तर त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं खूण आणि तारीख. महिन्यानं पुन्हा बघायचं. तडा वाढला असेल तर तुमच्या हातात पुरावा आला. सळई उघडी पडली असेल तर फोटो. तळमजल्यावर कुणी खांब कापतोय, भिंत पाडतोय, पोटमाळा चढवतोय, तर त्याच दिवशी लेखी तक्रार. तोंडी नाही. तक्रारीची पोच घ्यायची, शिक्क्यासकट. शिक्का नाही तर तक्रार नाही.

जिन्यातली अडगळ हलवायची. भांडण होईल, होऊ द्या. आगीत तोच एक रस्ता आहे. मीटरपेटी जाणत्या वायरमनला दाखवायची, गळतीचा करंट तोडणारा स्विच बसवायला लावायचा. गॅसचा वास आला तर दिवा लावायचा नाही, विझवायचाही नाही. बटणाला हातच नको. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत बसतो. दारंखिडक्या उघडायच्या, रेग्युलेटर बंद करायचा, म्हाताऱ्या-पोरांना बाहेर काढायचं. अग्निशमनचा नंबर १०१ प्रत्येक दारामागं लिहायचा. बुरशीवर रंग मारायचा नाही. आधी गळती बंद, मग खरवडून काढायची, तोंडाला फडकं बांधून, मग चुना.

आणि १४ एप्रिलला आपल्या मंडपाची वायर कुणी जोडली ते आधी बघा. त्याच दिवशी मेलेल्या ६६ जवानांसाठी देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात. बाबासाहेबांच्या जयंतीला आपल्याच मंडपात आग लागणं यासारखी लाज नाही.

हे सगळं आपण केलं म्हणजे मालकाची, पालिकेची, सरकारची जबाबदारी संपली का? मुळीच नाही. उलट इथून सुरू होते. आज आपण कचेरीत जातो ते हात जोडून, खोकणारी आई दाखवून. उद्या वही दाखवून जायचं. अमुक खोली, अमुक तडा, अमुक तारखेची तक्रार, अमुक शिक्का. मग 'तुम्ही लोक' म्हणायला साहेबाला जागा उरत नाही. वहीवर सही करायला लागते. सुतासाठी जी वही गिरणीत आहे तीच मला माणसासाठी हवी आहे. जास्त काही मागत नाही.

आमच्या वहीचं पहिलं पान मी लिहिलंय. खोली आमचीच. भिंत पश्चिमेची. ओल वरून, गच्चीच्या पन्हळीतून. त्या पानावर आईनं अंगठा उठवलाय. तसबीर होती तिथंच आहे, कोरड्या भिंतीवर. अंथरूण तिच्या खाली आणायचंय.

जय भीम.