उन्हाळ्याचं काम कुणाच्या नावावर?

मैत्रिणींनो,

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा नवतपा सरत आलेला असेल. रोहिणी संपायला आलेल्या, मृग अजून लागायचा. शाळांना सुट्टी, लेकी माहेराला आलेल्या. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांमध्ये दरवर्षी या दिवसांत गावाकडच्या घराच्या आठवणी छापून येतात. अंगणातली बाज, माठातलं गार पाणी, कैरीचं पन्हं, रात्री चांदण्याखाली झोपणं. वाचायला गोड वाटतं. पण या आठवणींत पन्हं आपोआप तयार होतं, माठ आपोआप भरतो आणि बाज संध्याकाळी आपोआप अंगणात येऊन पडते. करणारे हात तेवढे दिसत नाहीत.

म्हणून या वेळी एखादं गाजलेलं प्रकरण न घेता आम्ही घर, अंगण आणि परसबाग हाच विषय घेतला आहे. आणि त्यासाठी गाव घेतलं आहे बेसा.

नागपूरच्या दक्षिणेला, मानेवाड्याच्या पुढे हे गाव. भोवती शेती, मध्ये कवेलूची घरं, असं गाव. आता मानेवाडा-बेसा रस्त्याच्या दोन्ही अंगांना ले-आउट पडले, फ्लॅट स्कीमा उभ्या राहिल्या, आणि बेसा-पिपळा अशी नगरपंचायतही झाली. तरी जुन्या वस्तीत अजून काही अंगणं शिल्लक आहेत. मागे शेवगा, लिंबू, कढीपत्ता, मांडवावर दोडक्याचा सुकलेला वेल. भिंतीला टेकून ठेवलेलं सरपण. अशा घरातल्या बायकांचा उन्हाळ्याचा शेवट कसा जातो, ते जरा जवळून बघू या.

कुरडईचंच घ्या. गहू तीन दिवस भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचं. मग वाटायचा, चीक गाळायचा, रात्रभर बसू द्यायचा. पहाटे उठून वरचं पाणी ओतून टाकायचं आणि चीक शिजवायला घ्यायचा. एक हात गंजाला, एक हात ढवळायला. हात थांबला की गुठळी झालीच. गरम असतानाच सोऱ्यात भरायचा आणि ऊन तापायच्या आत बाजेवर कुरड्या घालून मोकळं व्हायचं. त्यानंतर दिवसभर राखण, संध्याकाळी उलटणं, दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन. हे झालं एका पदार्थाचं. शेवया आहेत, सरगुंडे आहेत, मुगवड्या आहेत, पापड आहेत. वर्षाचं तिखट कांडायचं, हळद दळायची, चिंच फोडायची, धान्याला ऊन द्यायचं. पाऊस पडायच्या आत लोणचं घालायचं. सरपण आणि गोवऱ्या आडोशाला न्यायच्या. कवेलू फेरायला माणूस लावला तर त्याला मजुरी मिळते. पण खाली पडलेली माती, धूळ, फुटके तुकडे गोळा करून घर पुन्हा सारवणारीला नाही.

परसबागेचंही तसंच. उन्हाळ्यात झाडं जगवायची म्हणजे भांडी घासलेलं, भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी बादलीत साठवून प्रत्येक आळ्यात नेऊन ओतायचं. मृगात लावायचं बी मडक्यात राखेत जपून ठेवायचं. दोडक्याचं कुठलं बी कडू निघालं, कुठल्या वालाला शेंगा धरल्या, हे तिच्या डोक्यात असतं. ते कुठल्याही कृषी विद्यापीठाच्या पदवीत धरलं जात नाही. आणि तरी घरात वर्षभर भाजीला चव येते ती याच ज्ञानावर.

आता उन्हाचं बोलू. नागपुरात २३ मे २०१३ ला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. चव्वेचाळीस-पंचेचाळीस तर आपल्याला दरवर्षीचे. दुपारी बारा ते तीन घराबाहेर पडू नका, असं सरकार सांगतं, आणि बरोबरच सांगतं. पण घराच्या आत चुलीपुढे किंवा गॅसपुढे किती अंश असतात, ते कुणी मोजतं का? आपल्या बहुतेक घरांत कूलर बैठकीच्या खोलीत लागतो. त्यात दिवसातून दोन-तीनदा पाणी कोण भरतं, ते सांगायला नको. खस बदलायची, टाकी धुवायची, तेही तिनंच. आणि त्या कूलरसमोर ती किती वेळ बसते? बेशातल्या बैठकीत हा प्रश्न निघाला तेव्हा आधी सगळ्याजणी हसल्या. मग एक साठीची बाई म्हणाली, "जेवण वाढताना दारातून जी हवा लागते, तेवढीच आपली." त्यावर कुणी हसलं नाही.

चक्कर येणं, लघवीला जळजळ, घामोळं, डोकं दुखणं हे उन्हाळ्याचे नेहमीचे त्रास म्हणून आपण सोडून देतो. पाणी कमी प्यायलं की लघवीचे त्रास वाढतात. आणि संडासाची सोय नीट नसली, किंवा घरात पाहुणे भरलेले असले, की बाई पाणीच कमी पिते. म्हणजे उन्हाळी आजारांचं मूळ फक्त सूर्यात नाही, घराच्या रचनेतही आहे.

एवढं सगळं काम मोजलं जातं का? आपल्या देशाच्या सांख्यिकी कार्यालयानं २०१९ साली देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरकाम करणारी बाई त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देते आणि पुरुष ९७ मिनिटं, असं त्यात दिसलं. २०२४ च्या पाहणीत हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं कमी झाली आणि पुरुषानंही आपली नऊ मिनिटं कमी करून घेतली! शिवाय या सरासरीत ज्या पुरुषानं घरातलं थोडं तरी काम केलं तोच धरला आहे. ज्यानं कूलरमध्ये पाण्याचा थेंबही घातला नाही, तो त्यात नाहीच.

इथे एक गंमत लक्षात घ्या. देशाचं उत्पन्न कसं मोजायचं याचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. १९९३ च्या नियमांनुसार घरच्या वापरासाठी पिकवणं, धान्य-फळं वाळवून टिकवणं, लांबून पाणी वाहून आणणं हे सगळं 'उत्पादन' आहे. म्हणजे कुरडई घालणं हे उत्पादन, पण तीच कुरडई तळून वाढणं हे उत्पादन नाही. नियमाप्रमाणे आपली वाळवणं, आपली परसबाग, आपलं पाणी राष्ट्रीय उत्पन्नात बसतं. पण रोजगाराच्या पाहणीत आलेला माणूस विचारतो, "बाई काय करते?" घरकाम म्हटलं की ९२ नंबर. घरकामाबरोबर भाजी, सरपण, वैरण गोळा करणं, शिवणटिपण असं काही सांगितलं तर ९३ नंबर. आणि हे दोन्ही नंबर 'काम न करणाऱ्यां'च्या रकान्यात जातात. न्यूझीलंडच्या मॅरिलिन वेअरिंग यांनी १९८८ साली पुस्तक लिहून या हिशोबाचं बिंग फोडलं. त्याच वर्षी आपल्याकडे इला भट्ट यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगानं 'श्रमशक्ती' अहवालात बायकांच्या न दिसणाऱ्या कामाची नोंद घ्या, असं बजावलं. रकाना मात्र अजून बदललेला नाही. ५ जानेवारी २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं अपघातात गेलेल्या गृहिणीच्या भरपाईचा निकाल देताना तिच्या घरकामाला मोल आहे, असं पुन्हा सांगितलं. चांगलंच झालं. पण बाई मेल्यावर तिच्या कामाची किंमत लागावी आणि जिवंतपणी लागू नये, हा कुठला न्याय?

मात्र सगळ्या बायकांचं अंगण एक नसतं, हेही आपण आपसांत स्पष्ट बोललं पाहिजे. ज्यांच्या वाट्याला जमीनच आली नाही, त्यांना परसबाग कुठली? गावाच्या कडेला एका खोलीत राहणाऱ्या बाईनं दुसऱ्याच्या अंगणात तिखट कांडलं, पापड लाटले आणि मजुरीत पसाभर धान्य किंवा जुनं लुगडं घेतलं, हाही आपल्या गोड उन्हाळ्याचाच भाग आहे. आज त्याच घरांतल्या मुली-सुना फ्लॅटमध्ये भांडीधुणी करायला जातात. मालकीण उन्हाळ्यात गावाला गेली की महिन्याचा पगार कापला जातो. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला, पण सुट्टीचा पगार मिळालेली कामवाली बाई अजून शोधावीच लागते. आपल्यातल्या ज्या घरी बाई लावतात, त्यांनी हा प्रश्न आधी स्वतःच्या घरात सोडवावा.

आता मूळ मुद्द्याला येऊ. हे घर, हे अंगण कुणाच्या नावावर आहे?

बेशासारख्या गावात हा प्रश्न आज नुसता तत्त्वाचा राहिलेला नाही. जागेचे भाव चढले. पाऊस पडायच्या आत व्यवहार उरकून टाकावा, अशी घाई असते. सौदा बैठकीच्या खोलीत होतो, चहा आतून येतो. चहा करणारीला सौदा कळतो तो इसारा झाल्यावर. तिनं वीस-तीस वर्षं जगवलेला लिंबू, शेवगा खरेदीखतात एका ओळीतसुद्धा नसतो. फ्लॅटमध्ये गेल्यावर काम संपतं असंही नाही. वाळवण घालायची जागा जाते, लिंबं-शेंगा विकून हाती येणारे चार पैसे जातात, बाहेर बसून बोलायची ओसरी जाते. काम तेवढं बरोबर येतं.

माहेरी आलेल्या लेकींचंही याच दिवसांत होतं. आंबरस झाला, साडीचोळी झाली, की भाऊ कागद पुढे करतो. "ताई, इथं सही कर, नुसती फॉर्म्यालिटी आहे." ते असतं हक्कसोडपत्र. म्हणून कायदा थोडक्यात सांगतो. महाराष्ट्रानं १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला, पण तेव्हा आधीच लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळलं. ९ सप्टेंबर २००५ पासून देशाच्या कायद्यानं तो भेद काढला. आणि ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की हा हक्क जन्मानं आहे, २००५ साली वडील हयात नसले तरीही. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्यांना मात्र हात लागत नाही. हा कायदा बौद्ध, जैन, शीख बहिणींनाही लागू आहे. मुस्लिम आणि ख्रिश्चन बहिणींचे वारसा कायदे वेगळे आहेत, त्याबद्दल त्यांनी वकील मैत्रिणींशी बोलावं.

बायकोची गोष्ट याहून अवघड. नवरा जिवंत असेपर्यंत त्याच्या नावच्या घरात तिची मालकी नसते. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा २००५ चा कायदा तिला त्या घरात राहण्याचा हक्क देतो, आणि तो मोठाच आधार आहे. पण राहण्याचा हक्क म्हणजे मालकी नव्हे. शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीनं १९८६ साली चांदवडला अधिवेशन भरवलं, त्यानंतरच्या काळात 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली गेली आणि अनेक गावांत शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली. १९९२ साली सरकारनंही ७/१२ वर बायकोचं नाव लावण्याची वाट मोकळी केली. गावातल्या घराची नोंद नवरा-बायको दोघांच्या नावे करा, असंही शासनानं २००३ साली सांगितलं. सांगून दोन दशकं उलटली. किती घरांत झालं?

तेव्हा मैत्रिणींनो, मृगाआधी प्रत्येक गटानं एक बैठक याच विषयावर घ्यावी. प्रत्येकीनं येताना आपल्या घराचा कागद आणावा. गाव ग्रामपंचायतीत असेल तर नमुना ८, नगरपंचायत झाली असेल तर कराची पावती, आणि असेल तर आखीव पत्रिका. त्यावर नाव कुणाचं आहे, ते मोठ्यानं वाचावं. कराच्या नोंदीत नाव लागलं म्हणजे मालकी झाली असं नाही, हेही समजून घ्यावं. पक्कं काम हवं असेल तर नोंदणीकृत बक्षीसपत्र आहे. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेती बायकोला किंवा मुलीला बक्षीस द्यायची तर मुद्रांक शुल्क अवघं २०० रुपये आहे, अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा. म्हणजे अडचण पैशाची फारशी नाही, मनाची आहे.

न वाचता, घरी नेऊन कुणाला न दाखवता कुठल्याही कागदावर सही करायची नाही, हे त्याच बैठकीत ठरवावं. माहेरच्या प्रेमाला त्यानं तडा जातो असं कुणी म्हणालं, तर विचारावं, की भावाच्या हक्कानं तो कधी गेला नाही, मग बहिणीच्याच का जावा?

बचतगटाचे पापड-कुरड्या विकणाऱ्यांनी या वर्षी एक करावं. गहू, तेल, मीठ, गॅस याबरोबर आपले तासही वहीत लिहावेत आणि त्यांची मजुरी धरून भाव काढावा. भाव चढा वाटेल. वाटू द्या. आजवर तो उतरता होता तो आपल्या फुकटच्या पहाटेमुळे.

आणि घरात? कूलर पुरुषांनी भरावा. बाजा त्यांनी उचलाव्यात, आळ्यांना पाणी मुलांनी घालावं, मुलग्यांनीसुद्धा. दुपारी बारा ते तीन चूल बंद, सकाळचंच जेवण सगळ्यांना. त्या तीन तासांत बाईनंही कूलरपुढे आडवं व्हावं. यासाठी कुठल्या कायद्याची, कुठल्या परिपत्रकाची गरज नाही.

वाळवणाचा, अंगणाचा आनंद आम्हाला नाकारायचा नाही. चार बायका एकत्र बसून पापड लाटतात तेव्हा सासरचं, दुखण्याखुपण्याचं, मारहाणीचंही बोलणं होतं. आपल्या चळवळीतल्या कितीतरी बैठका अशा ओसरीवरच सुरू झाल्या. ती ओसरी टिकावी, म्हणूनच तिच्या कागदावर आपलं नाव हवं.

तुमच्या गटातल्या बैठकीत किती कागद निघाले, किती नावं लागली आणि कुठे अडलं, ते आम्हाला जरूर लिहून कळवा. पुढच्या अंकात पत्रांची पानं त्यासाठी राखून ठेवली आहेत.

— संपादक मंडळाच्या वतीनं