भुलाबाईच्या गाण्यांचा खेळ व्हावा

सोनीच्या पीएसपी या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी २००८ मध्ये 'लोकोरोको २' हा व्हिडिओ गेम आला. दोन वर्षांपूर्वीच्या 'लोकोरोको'चा हा पुढचा भाग. खेळायला इतका सोपा की पोरांना शिकवावे लागत नाही. डावे बटण दाबले की सगळी जमीन डावीकडे कलते, उजवे दाबले की उजवीकडे. दोन्ही एकदम दाबून सोडली की लोकोरोको नावाचा गोलमटोल जीव उडी मारतो. तो उतारावरून घरंगळतो, फळे खाऊन फुगतो, अरुंद फट आली की लहान लहान पिल्लांत विखुरतो आणि सारा वेळ गातो.

दुसऱ्या भागात तर कथाच गाण्यांची आहे. 'मोजा' नावाची टोळी असे गाणे घेऊन येते की ते पोचेल तिथला जीव सुकून जातो. लोकोरोको त्याला गाण्यानेच उत्तर देतात. नवी गाणी शिकत, ती म्हणत, मरगळलेली सृष्टी जागी करतात. हा खेळ रचणारे त्सुतोमु कोनो यांनी गाण्यांसाठी कुठल्याच देशाची नसलेली बोली बनवली. ती कुणालाच कळत नाही, तरी मुले गुणगुणतात.

बुलढाणा जिल्ह्यातल्या मोताळ्यात हे सांगायचे कारण भुलाबाई.

घाटाखालच्या या भागात, तसेच खानदेशात आणि वऱ्हाडात, भाद्रपद पौर्णिमेला भुलोजी-भुलाबाईच्या मूर्ती घरात बसतात. कोजागिरीपर्यंत मुली टिपऱ्या घेऊन घरोघरी गाणी म्हणत फिरतात. सासर-माहेर, रुसवे-फुगवे, प्रश्न आणि उत्तर, कडव्यामागून वाढत जाणारी साखळी, असा या गाण्यांचा घाट. शेवटी डबा वाजवून खाऊ ओळखायचा. खेळ रचणाऱ्याला याहून तयार सामग्री कुठे मिळेल? साखळीचे प्रत्येक कडवे म्हणजे पुढची पायरी, टिपरीचा ठेका म्हणजे बटण दाबायची वेळ, आणि खाऊ ओळखला की टप्पा पार. लोकोरोकोतला प्रत्येक रंगाचा जीव वेगळ्या आवाजात गातो; भुलाबाईचे गाणेही गाव बदलले की शब्द बदलते, चाल बदलते.

आपल्याकडे असा प्रयत्नच झाला नाही असे नाही. २००९ मध्ये पीएसपीवरच 'देसी अड्डा' आला. कबड्डी, पतंग, गिल्ली-दांडू असे मैदानी खेळ त्यात होते आणि तो हैदराबादच्या गेमशास्त्रने बनवला होता. पुढे २०२० मध्ये पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी' काढला, तो निन्टेंडो स्विचवर जगभर पोचला. टोरांटोच्या व्हिसाई गेम्सने २०२३ मध्ये 'वेण्बा' आणला. कॅनडात राहणाऱ्या तमिळ कुटुंबाची, त्यांच्या स्वयंपाकघराची ती गोष्ट, आणि फोडणीच्या जोडीला रेडिओवर तमिळ धाटणीची गाणी. त्याला बाफ्टाचा पुरस्कार मिळाला. घरातली चव आणि घरातले सूर जगाला नकोसे होत नाहीत, हे यातून दिसले आहे. मराठी सुरांवर उभा राहिलेला खेळ मात्र अजून यायचा आहे.

मोबाइलने मुलांचा वेळ आधीच खाल्ला, त्यात भुलाबाईही कशाला, असे आजी विचारील. तिचा प्रश्न रास्त आहे. पडद्यावरचा खेळ अंगणातल्या फेऱ्याची जागा घेऊ शकत नाही, घेऊही नये. पण पीएसपी बंद होऊन दहा वर्षे उलटली, आता हातातले यंत्र म्हणजे घरातला फोन. त्यावर मूल काहीतरी खेळणारच. तिथे त्याच्या कानावर आजीचे गाणे पडले, तर कोजागिरीला टिपरी धरणारे हात थोडे वाढतील.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अॅनिमेशन, गेमिंग आणि त्यासंबंधीच्या उद्योगांचे धोरण मंजूर केले. २०५० पर्यंत ३,२६८ कोटी रुपयांचा हा आराखडा आहे. त्यातला फार छोटा वाटाही मोताळा, मलकापूर, नांदुऱ्याच्या गाणाऱ्या बायांपर्यंत आला तर काम सुरू होते. आधी ध्वनिमुद्रण व्हावे, प्रत्येक गावचा पाठ वेगळा ठेवावा. गाणारीचे नाव खेळाच्या श्रेयनामावलीत यावे आणि आवाजाचा मोबदला तिच्या खात्यात जमा व्हावा. संगीतकार आणि संगणकाची पोरे पुण्या-मुंबईत आहेत. त्यांनी भाद्रपदात महिनाभर इकडे येऊन राहावे.