मित्राच्या दुखण्यासाठीं चालणें

आमच्या एका स्नेह्यास रक्ताचा कर्करोग झाल्याचें निदान झालें, तेव्हां त्याच्या खर्चास हातभार लावण्यासाठीं आम्हां कांहीं मंडळींनीं महिनाभर पायीं चालण्याचा संकल्प केला. पद्धत सोपी आहे. प्रत्येकानें रोज पहाटे नांदेडच्या गोवर्धन घाटाकडून विष्णुपुरीच्या वाटेनें चालावें, आणि ओळखीच्या माणसांनीं त्याच्या दर किलोमीटरमागें यथाशक्ति रक्कम द्यावी. एवढ्या साध्या गोष्टीवर शहरांतील सुशिक्षित मंडळींनीं जो उपहासाचा वर्षाव केला, त्याचा समाचार घेणें आम्हांस भाग आहे. "चालून का कधीं कर्करोग बरा होतो?" हा पहिला प्रश्न. "द्यावयाचें तर गुपचूप द्या, हीं साहेबी थेरें कशाला?" हा दुसरा.

थेरें साहेबी आहेत हें ऐकून आम्हांस हंसूं आलें. हे प्रश्नकर्ते ज्या घरांत वाढले, त्याच घरांतील एखादी आजी नातवाच्या तापासाठीं अनवाणी तुळजापुरास गेलेली असते. आश्विनी पौर्णिमेस सोलापूर-लातूरकडच्या रस्त्यांवर आजही पाहावें. पायांच्या फोडांस चिंध्या बांधून माणसें चालत असतात. आपल्या माणसाच्या दुखण्याचा कांहीं भार स्वतःच्या पायांवर घ्यावा, ही बुद्धि आमच्या भागास कोणा परक्यानें शिकविलेली नाहीं. फरक इतकाच कीं, नवस देवीजवळ बोलतात आणि आम्ही शेजाऱ्याजवळ बोललों. देवी हिशेब मागत नाहीं. शेजाऱ्यानें तो मागितलाच पाहिजे.

आतां पहिला प्रश्न. कॅनडांतील टेरी फॉक्स या तरुणाचा उजवा पाय १९७७ सालीं कर्करोगानें गेला. १९८० च्या एप्रिलमध्यें कृत्रिम पाय लावून तो देश ओलांडण्यास धांवत निघाला. १४३ दिवसांत त्यानें ५,३७३ किलोमीटर अंतर तोडलें. मग रोग फुप्फुसांत उतरल्यामुळें त्यास थांबावें लागलें. पुढच्या वर्षीं जूनमध्यें, वयाच्या बाविसाव्या वर्षीं, तो वारला. धांवल्यानें त्याचा रोग बरा झाला नाहीं, आणि होईल असें तो समजतही नव्हता. त्यानें देशांतील दरडोई एक डॉलर मागितला होता, आणि त्याच्या हयातींतच २ कोटि ४० लाखांहून अधिक डॉलर संशोधनासाठीं जमले. वेडा कोण, हें आमच्या टीकाकारांनींच ठरवावें.

"गुपचूप द्या" हा उपदेश मात्र अधिक घातक आहे, कारण तो सभ्य दिसतो. गुपचूप देणारे थोर लोक आहेत. त्यांस आमचा नमस्कार. परंतु हा उपदेश ज्यांनीं आम्हांस केला, त्यांच्यापैकीं एकाचेंही गुपचूप पाकीट अद्यापि आमच्या स्नेह्याच्या घरीं पोंचलेलें नाहीं. शिवाय गुपचूप देण्यासाठीं कोणीतरी गुपचूप मागावें लागतें. तें काम कोण करतें? रोग्याची बायको. ती तपासणीच्या कागदांची पिशवी घेऊन दिराकडे, भावाकडे, नवऱ्याच्या कचेरींतल्या साहेबाकडे जाते. चहा घेते, डोळे पुसते, आणि उद्यां पाहूं असें ऐकून परत येते. आम्ही चालतों तें मुख्यतः एवढ्यासाठीं कीं, मागण्याची लाज तिच्या पदरांतून आमच्या पदरांत यावी. मित्रानें निदान इतकें तरी उचलावें.

"सरकारी योजना आहे ना?" असेंही कोणी विचारतात. आहे, आणि तिचें मोल आम्ही जाणतों. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची मर्यादा दीड लाखांवरून पांच लाखांवर नेण्याचा निर्णय २०२३ सालीं झाला. पण नांदेडाहून मुंबईच्या टाटा रुग्णालयांत जाणाऱ्यास रेल्वेचें भाडें, बरोबरच्या माणसाचें जेवण, बुडालेली रोजी, हीं कोणत्या कलमाखालीं बसवावयाचीं? दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेंत जागा मिळाली तर नशीब; न मिळाली तर महिनोन् महिने राहावयाचें कोठें?

आतां दुसऱ्या बाजूच्या मंडळींविषयीं. उपहास करणारे परवडले, पण टाळ्या वाजविणारे नकोत. बारामतीच्या मॅरेथॉनमध्यें दहा-बारा वर्षांपूर्वीं साठी ओलांडलेल्या लताबाई करे नऊवारी लुगड्यांत अनवाणी धांवल्या. नवऱ्याच्या तपासणीस पैसे नव्हते आणि बक्षीस पांच हजारांचें होतें. त्या जिंकल्या. त्यांच्यावर चित्रपट निघाला, त्यांत त्यांनीं स्वतः काम केलें, आणि २०१९ सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याचा विशेष उल्लेख झाला. बाईंचें धैर्य वादातीत आहे. परंतु म्हाताऱ्या बाईला नवऱ्याच्या तपासणीसाठीं शर्यत कां जिंकावी लागावी, आणि त्या दिवशीं ज्या बाया मागें पडल्या त्यांच्या घरीं कोण आजारी होतें, हें टाळ्यांच्या गजरांत कितीजणांनीं विचारलें?

म्हणून आम्हीं आपल्यापुरते कांहीं नियम केले आहेत. स्नेह्याचें छायाचित्र फलकावर लावलेलें नाहीं. त्यास रोग झाला आहे, तो निवडणुकीस उभा नाहीं. मनगटावरचें यंत्र पावलें मोजतें, पण कोणाचीं किती झालीं याची यादी आम्ही लावीत नाहीं. (आमच्यांतील एका वकीलसाहेबांस हें फार जड गेलें.) पैसे थेट त्याच्या बायकोच्या खात्यांत जातात, आणि जमाखर्चाची वही दर रविवारीं घाटावर उघडी ठेवलेली असते. टीकाकारांनीं ती येऊन तपासावी. आम्ही पहाटे साडेपांचास निघतों. पायांत वहाणा असल्या तरी चालेल.