मताला कारणाचा रकाना नसतो

निवडणुकीचा निकाल लागला की दोन दिवस गावात दोनच प्रकारची माणसे दिसतात. काही गुलालात न्हालेली, काही दारे लावून घरात बसलेली. तिसऱ्या दिवशी दोघेही त्याच बाजार समितीत, त्याच रांगेत ट्रॅक्टर लावून उभे असतात आणि दोघांच्या हाती पट्टी एकाच भावाची पडते. निकालावर गाव काय बोलले याचा विचार आपण पहिल्या दिवशीच्या गुलालापासून न करता तिसऱ्या दिवशीच्या पट्टीपासून केला पाहिजे.

४ जून २०२४ रोजी लोकसभेचा निकाल लागला. महाराष्ट्रातल्या ४८ जागांपैकी ३० महाविकास आघाडीकडे गेल्या, १७ महायुतीकडे राहिल्या आणि सांगलीची एक अपक्षाने घेतली. दिंडोरी, नाशिक, धुळे, नगर, शिर्डी या साऱ्या कांदा पिकवणाऱ्या भागात सत्ताधारी आघाडीचे उमेदवार पडले. दिंडोरीत तर केंद्रातल्या राज्यमंत्री पडल्या. त्या दिवशी पारावर, चहाच्या टपरीवर, आठवडे बाजारात एकच वाक्य फिरत होते : ‘कांद्याने पाडले.’ पुढे आठवडाभरात खुद्द त्या वेळच्या मुख्यमंत्र्यांनीही जाहीरपणे कबूल केले की नाशिक भागात कांद्याने आणि मराठवाडा-विदर्भात सोयाबीन-कापसाने आपल्याला रडवले.

शेतकऱ्याला आनंद झाला, आणि तो होणे साहजिक होते. त्यात सूडाचा भाग होता तसा हिशोबाचाही होता. तो हिशोब आधी मांडू.

दहा महिन्यांची कहाणी

१९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले. नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले, तेव्हा २४१० रुपये क्विंटलने दोन लाख टन खरेदीची घोषणा झाली. ऑक्टोबरच्या शेवटी किमान निर्यात मूल्य टनाला ८०० डॉलर ठरवले. ८ डिसेंबरपासून निर्यात पूर्ण बंद. ही बंदी ३१ मार्च २०२४ पर्यंतच म्हणून सांगितली होती. मार्च संपायच्या आतच ती पुढच्या आदेशापर्यंत वाढवली. एप्रिलच्या अखेरीस गुजरातच्या २००० टन पांढऱ्या कांद्याला परवानगी मिळाली आणि महाराष्ट्रभर संताप झाला, तेव्हा सहा देशांना ९९,१५० टन पाठवण्याची घोषणा झाली. शेवटी ४ मे रोजी बंदी उठली, तीही टनाला ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क कायम ठेवून. दिंडोरी, नाशिक, धुळ्याचे मतदान २० मे रोजी होते. म्हणजे बंदी उठली ती मतदानाच्या सोळा दिवस आधी.

या तारखा पिकाच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून पाहा. डिसेंबरात बाजारात असतो लाल कांदा. त्यात पाणी जास्त, तो चाळीत टिकत नाही. काढला की विकावाच लागतो. त्याच्या मागून रांगडा येतो, त्याचीही गत तीच. आणि त्याच डिसेंबरात उन्हाळ कांद्याचे रोप लागणीला आलेले असते. बंदीचा आदेश निघाला तेव्हा एका शेतकऱ्याच्या अंगणात विकायचा कांदा होता आणि दुसऱ्याच्या वाफ्यात लावायचे रोप होते. पहिल्याला थांबता येत नव्हते, दुसऱ्याला मागे फिरता येत नव्हते. कृषी महाविद्यालयात आम्हाला लागणीचे अंतर, खताच्या मात्रा, करप्यावरची औषधे सगळे शिकवले. पण पिकाच्या उत्पन्नावर सर्वांत मोठी फवारणी दिल्लीच्या आदेशाची असते, हा धडा पुस्तकात नव्हता.

शुल्काचा अर्थही साधा आहे. परदेशी गिऱ्हाईक किलोला २८ रुपये द्यायला तयार असेल, तर ४० टक्के शुल्काच्या काळात निर्यातदाराच्या हाती उरतात २०. उरलेले ८ सरकारी तिजोरीत जातात. त्या २० मधून बारदान, वाहतूक, निवड, घट आणि नफा वजा करून जे राहील तो लिलावातला भाव. शुल्क भरल्याची पावती निर्यातदाराच्या नावाने फाटते, पैसे मात्र वावरातून जातात.

१५ मे रोजी पिंपळगाव बसवंतला पंतप्रधानांची सभा झाली. त्या सभेत गर्दीतून एका तरुणाने आवाज दिला, ‘कांद्यावर बोला.’ दहा महिन्यांचा सारा राग त्या दोन शब्दांत आला होता.

कारण कोणी लिहिले?

‘कांद्यावर बोला’ हे शब्द सभेत ओरडता येतात, मतदान यंत्रात टाकता येत नाहीत. तिथे उमेदवाराचे नाव असते, चिन्ह असते, बटण असते. तुम्ही हे बटण का दाबले हे लिहायला रकाना नसतो. मत दिले की माणूस बाहेर येतो आणि त्याच्या मताचे कारण दुसरेच कोणी तरी लिहायला बसते.

जून २०२४ मध्ये हेच झाले. जिंकलेल्यांनी लिहिले की हा आमच्या नेत्याच्या निष्ठेचा विजय. कोणी लिहिले की पक्ष फोडल्याची शिक्षा, कोणी लिहिले की राज्यघटनेचा मुद्दा, कोणी लिहिले की आरक्षणाचा. या सगळ्यात तथ्य होते. निकालात कांदा होता, पण कांदा एकटाच नव्हता, हे आपणही मान्य केले पाहिजे. शेतकरी हा जातीत, नात्यात, धर्मात, गावकीत राहणारा माणूस आहे. तो केवळ शेतकरी म्हणून मत देतो असे समजणे भाबडेपणाचे आहे. आणि म्हणूनच त्याने मत दिल्यावर भावाचा मुद्दा आपोआप दिल्लीला पोचतो असे समजणे त्याहून भाबडेपणाचे.

शहरातल्या काही शहाण्यांनी आणखी एक कारण लिहिले. शेतकऱ्याने देशाचे हित न पाहता खिसा पाहून मत दिले, असे त्यांचे म्हणणे. त्यांना १९८० ची आठवण करून दिली पाहिजे. त्या जानेवारीत लोकसभेच्या निवडणुकीत महाग झालेला कांदा हा प्रचाराचा मोठा मुद्दा होता आणि जनता राजवटीनंतर इंदिरा गांधी पुन्हा सत्तेवर आल्या. १९९८ च्या नोव्हेंबरात दिल्ली आणि राजस्थानातली सरकारे गेली, तेव्हाही महाग कांद्याचे नाव झाले. ग्राहकाने भाजीची पिशवी पाहून मत दिले तर तो जनतेचा कौल, आणि उत्पादकाने पट्टी पाहून दिले तर तो स्वार्थ, हा न्याय कुठला?

१९८० ची दुसरी बाजूही विसरू नये. जानेवारीत महाग कांद्यावर निवडणूक झाली आणि मार्चमध्ये चाकणला स्वस्त कांद्यावर रस्ता अडवावा लागला. शरद जोशींच्या नेतृत्वाखाली कांदा उत्पादक पुणे-नाशिक रस्त्यावर बसले. ग्राहकाच्या मताचे कारण वर्तमानपत्रांनी लिहिले होते, उत्पादकाला आपले कारण स्वतः रस्त्यावर बसून लिहावे लागले. त्या निवडणुकीतून दिल्लीतला प्रत्येक पक्ष एक धडा शिकला : कांदा महाग झाला की सरकार जाते. कांदा स्वस्त पाडला तरी जागा जातात, हा दुसरा धडा शिकवायला चव्वेचाळीस वर्षे लागली. म्हणून २०२४ च्या निकालाचे मोल कमी नाही.

पाच महिन्यांत काय झाले

तो धडा किती टिकला? २८ जूनला राज्याचा अर्थसंकल्प आला. त्यात महिलांना महिन्याला १५०० रुपये देणारी लाडकी बहीण योजना आली, साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज आली. १३ सप्टेंबरला कांद्याचे किमान निर्यात मूल्य काढून शुल्क २० टक्के केले. त्याच सुमारास खाद्यतेलावरचे आयात शुल्क वाढवले. प्रचारात सोयाबीनला ६००० रुपये देऊ म्हणून एका बाजूने सांगितले, दुसऱ्या बाजूने ७००० सांगितले. २३ नोव्हेंबरला विधानसभेचा निकाल लागला आणि महायुतीतल्या तीन मोठ्या पक्षांनी मिळून २८८ पैकी २३० जागा घेतल्या.

आता गावातली प्रतिक्रिया उलटी झाली. जूनमध्ये शेतकऱ्याला शाबासकी देणारे म्हणू लागले, शेतकरी विकला गेला. काहींना निकालच खरा वाटेना. माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीच्या लोकांनी कागदी मतपत्रिकांवर स्वतःच पुन्हा मतदान घेण्याचा घाट घातला आणि तो पोलिसांनी थांबवला. ज्यांना शंका आहे त्यांनी ती जरूर लढवावी. पण पारावर सर्वांत जास्त ऐकू आले ते वेगळेच : ‘बायकांनी घात केला, पंधराशेला भुलल्या.’

हे बोलणे आपल्या चळवळीच्या माणसाच्या तोंडी शोभत नाही. कांद्याची लागण कोण करते? निंदणी कोण करते? वाकून वाकून पात कोण कापते? आणि पट्टी कोणाच्या नावाने फाटते? ज्या बाईच्या हातून कांद्याचा एकेक गड्डा गेला, तिचे नाव त्या व्यवहारात कुठेच नसते. पंधराशे रुपये मात्र तिच्या नावाने, तिच्या खात्यात आले. तिने हिशोब केला आणि तिच्या बाजूने तो बरोबर होता. चांदवडला १९८६ साली लाखोंनी शेतकरी बाया जमल्या, त्या पंधराशे मागायला आल्या नव्हत्या, माणूस म्हणून जगण्याचा हक्क मागायला आल्या होत्या. त्यांच्या लेकीसुनांना नावे ठेवण्यापूर्वी घरातल्या पट्टीवर आणि सातबारावर त्यांचे नाव किती ठिकाणी लागले ते पुरुषांनी मोजावे.

प्रश्न असा आहे की पंधराशे आणि मोफत वीज ही मदत झाली, भाव झाला नाही. मदत देणारा ती बंद करू शकतो. भाव ज्याच्या घामाचा, त्याचा असतो. जूनच्या मतातले कारण भावाचे होते, सरकारने उत्तर मुख्यतः मदतीचे दिले, आणि नोव्हेंबरात ते उत्तर चालले. जूनमध्ये आपण कारण लिहून ठेवले असते, सह्या करून, तारीख घालून, तर उत्तर चुकीच्या प्रश्नाचे आले हे दाखवता आले असते.

निकालानंतरचे उत्तर पाहा. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४८९२ होता आणि बाजार त्याच्याही खाली राहिला. ६००० प्रचारातच राहिले. कांद्यावरचे उरलेले २० टक्के शुल्क १ एप्रिल २०२५ ला गेले, पण परदेशी गिऱ्हाईक दीड वर्ष दार वाजवत बसत नाही. मेच्या शेवटी कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ आयात शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणले. १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ केले आणि ती माफी पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. कापूस वेचणीला यायच्या तोंडावर बाहेरच्या कापसाला दार उघडले. मतदान तेव्हा जवळ नव्हते.

खरी मेख कुठे आहे

कांद्यावरची निर्यातबंदी लोकसभेत मत घेऊन लागत नाही. विदेश व्यापाराच्या १९९२ च्या कायद्याने केंद्र सरकारला तो अधिकार देऊन ठेवला आहे. एक अधिसूचना निघते, राजपत्रात छापली जाते आणि त्या दिवसापासून बंदरावरचा कंटेनर थांबतो. शुल्काचेही तसेच, ते अधिसूचनेनेच लागते. तुम्ही निवडून दिलेल्या खासदाराने त्या दिवशी हात वर केलेला नसतो, खाली केलेला नसतो. म्हणून तो गावात येऊन सांगू शकतो की मी तर विरोधातच होतो. सत्ताधारी खासदार सांगतो, विरोधी खासदारही सांगतो. पाच वर्षांतून एकदा आपण ज्याला पाडतो त्याच्या हातून तो कागद निघालेला नसतो, आणि ज्याच्या हातून निघतो तो आपल्या मतदारसंघात उभा राहत नाही.

तेव्हा मतदान करून घरी बसणे परवडणारे नाही. जिल्हा बैठकीपुढे तीन कामे ठेवतो.

पहिले. निकाल कोणताही लागो, त्यानंतरच्या पहिल्या ग्रामसभेत आपल्या मताचे कारण ठराव करून लिहावे. पक्षाचे नाव घालू नये. मत कोणाला दिले ते गुप्त राहू द्या, भाव कोणता मिळाला ते उघड लिहा. ठरावाला हंगामातल्या पट्ट्यांच्या झेरॉक्स जोडाव्यात आणि घरातल्या बाईचीही सही घ्यावी.

दुसरे. तो ठराव खासदाराला हातोहात द्यावा, पोच घ्यावी, आणि त्याने त्यावर संसदेत कोणता प्रश्न विचारला याचे उत्तर पुढच्या अधिवेशनानंतर मागावे. मी विरोधात होतो हे तोंडी चालणार नाही, कागदावर दाखवा म्हणावे.

तिसरे. मागणी एकच आणि नेमकी ठेवावी. पीक शेतात किंवा चाळीत असताना त्याच्या निर्यातीवर बंदी वा शुल्क लावायचे असेल, तर आधी लोकसभेत मतदान घ्या आणि त्यातून पडलेल्या भावाची भरपाई त्याच हंगामात द्या. सवलत नको, कर्जमाफीची तारीख नको. हात वर करणारा आणि खाली ठेवणारा आम्हाला दिसला पाहिजे. मग पुढच्या निवडणुकीत कोणाला पाडायचे यासाठी अंदाज करावा लागणार नाही.

लोकसभेची पुढची निवडणूक ठरल्या वेळी झाली तर २०२९ मध्ये येईल. तोवर कांद्याची रोपे कितीदा तरी लागतील. गुलाल कोणाचाही उधळला जावो, तिसऱ्या दिवशी आपल्या हाती पट्टी पडणारच आहे. तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर कारण लिहायला सुरुवात करा.