घेणे हीदेखील भक्तीच

अलीकडे ध्यानाचे वर्ग ठिकठिकाणी निघाले आहेत. आमच्या इंदुरातही सकाळी बागेत माणसे डोळे मिटून बसलेली दिसतात. सर्वांना प्रेम द्या, साऱ्या जगाला द्या, असा उपदेश तेथे ऐकू येतो. उपदेश चांगला आहे. परंतु तो अर्धाच आहे, असे माझे मत आहे. प्रेम द्यावे हे सांगणारे पुष्कळ. ते घ्यावे कसे, हे फारसे कोणी सांगत नाही.

आपल्या जुन्या मराठी घरांना हा उणेपणा विशेष जाणवावा. पहाटे उठून पूजेची तयारी करणारी, सगळ्यांना जेवू घालून मग उरलेसुरले स्वतःला वाढून घेणारी आजी आपण सर्वांनी पाहिली आहे. तिचा जप कधी चुकला नाही. पण आजारपणात सुनेने पाय चेपू का म्हणून विचारले, तर ‘नको गं, तू आपली कामे बघ’ हेच उत्तर! यात त्याग आहे, हे कोण नाकारील? पण सुनेचे प्रेम आल्या पावली परत गेले, त्याचे काय? देणारा मोठा आणि घेणारा लहान, हा हिशेब मनात कोठे तरी चालूच असतो. न घेण्यातही सूक्ष्म अभिमान असतो, तो असा.

आपल्या परंपरेने हा हिशेब मानलेला नाही. भागवतातील नवविधा भक्तीत पहिले श्रवण, मग कीर्तन. समर्थांनी दासबोधाच्या चौथ्या दशकात हाच क्रम ठेवला. म्हणजे आधी घ्यावे, मग द्यावे. बौद्धांच्या मैत्रीभावनेतही, विशुद्धिमग्गात सांगितल्याप्रमाणे, साधक प्रथम स्वतःचे कुशल चिंततो आणि मगच इतरांकडे वळतो. जनाबाईची कथा तर सर्वांना ठाऊक आहे. विठोबा तिच्याबरोबर दळू लागला, हे आपण कौतुकाने सांगतो; पण तिने त्याला जात्याचा खुंटा धरू दिला, हे खरे मर्म. ‘देवा, आपण कशाला कष्ट घेता’ म्हणून तिने त्याला परत पाठविले असते, तर कथाच उरली नसती.

माझा व्यवसाय गाणे शिकविण्याचा. तेथे हे रोज दिसते. तानपुरा छेडला की नवखा विद्यार्थी लगेच षड्ज लावतो. मी त्याला थांबवितो. आधी चारही तारा कानांत भरू देत. खर्ज विरतो कसा, ते ऐक. ज्याने तानपुऱ्याकडून स्वर घेतला नाही, त्याचा आवाज मोठा असला तरी सुरात मिळत नाही. श्वास न घेता कोणी तान घेऊ शकेल काय?

याचे मोठे उदाहरण आमच्या शेजारच्या देवासचे. कुमार गंधर्व क्षयाने आजारी होऊन 1948 साली तेथे राहावयास आले. काही वर्षे त्यांचे गाणे बंदच होते. त्या काळात त्यांनी माळव्याची लोकगीते कान देऊन ऐकली, टिपून ठेवली. पुढे त्यांनी रसिकांना जे दिले, त्यात या ऐकण्याचा वाटा मोठा आहे.

कोणी म्हणेल, घेण्याची सवय लागली की माणूस देवापाशीही मागत सुटेल. पण मागणे वेगळे आणि घेणे वेगळे. मागणाऱ्याचे लक्ष वस्तूकडे असते, घेणाऱ्याचे देणाऱ्याकडे. वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, त्या रीतीत हा तोल नेमका साधला आहे. तेथे प्रत्येकाला वाकावे लागते, आणि समोरचा वाकला असता संकोच गिळून उभेही राहावे लागते. यांतले दुसरे अधिक अवघड.

म्हणून ध्यानाला बसणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे, की निम्मा वेळ जगाच्या कल्याणाची भावना अवश्य करावी. उरलेला निम्मा वेळ, आपल्याला कोणी काय काय दिले ते आठवून स्वस्थ बसावे. आईने, गुरूने, शेजाऱ्याने जे दिले, त्याची फेड लगेच करण्याची घाई नको. आणि आसनावरून उठल्यावर घरातील कोणी प्रेमाने पाण्याचा पेला पुढे केला, तर ‘कशाला त्रास घेतलास’ न म्हणता तो दोन्ही हातांनी घ्यावा.